उद्घोषणा, जाहीरनामा आणि दवंडी: चावडीवरच्या कागदाला कायद्याने अर्थ कधी येतो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यातील आपल्या गावी, चावडीच्या भिंतीवर, वडिलांच्या नावच्या शेतजमिनीच्या लिलावाचा कागद लागला. त्यावर ‘विक्रीचा जाहीरनामा’ असा मथळा होता. ग्रामपंचायतीचा शिपाई त्याला नोटीस म्हणतो, वकिलांनी दिलेल्या मसुद्यात त्याच गोष्टीला ‘उद्घोषणा’ म्हटले आहे, आणि चुलते ठामपणे सांगतात की गावात दवंडी झालीच नाही, तेव्हा त्या कागदाला काही किंमत नाही. या शब्दांचा कायद्यातला अर्थ काय, ते एकाच गोष्टीचे नाव आहेत की वेगवेगळ्या, आणि दवंडी कानावर आलीच नसेल तर लिलाव बंधनकारक ठरतो का, असे आपण विचारले आहे. सांगलीत दिवाणी वकिली करताना माझी तीस वर्षांहून अधिक वर्षे बरीचशी दरखास्तीच्या, म्हणजे न्यायालयाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून घेण्याच्या, कामातच गेली आहेत. याच एका मुद्द्यावर घरे वाचलेली मी पाहिली आहेत आणि याच मुद्द्यावर विसंबून बसल्याने गेलेलीही पाहिली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी शब्द पाहू. ‘उद्घोषणा’ हा शासनमान्य मराठी विधी परिभाषेतला शब्द आहे. त्यातला ‘घोष’ म्हणजे मोठ्याने केलेला उच्चार, आणि ज्या इंग्रजी शब्दासाठी तो योजला त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थही ओरडून सांगणे असाच आहे. ‘जाहीरनामा’ हा शब्द त्याहून जुना, अरबी ‘जाहीर’ म्हणजे उघड आणि फारसी ‘नामा’ म्हणजे लेख यांच्या जोडणीतून आपल्याकडे रुजलेला. ‘दवंडी’ तर आपल्या गावांच्या रोजच्या बोलण्यातली. तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, परंतु मला त्यांच्यात एक उपयोगी भेद दिसतो: उद्घोषणा हे कृतीचे नाव आहे, जाहीरनामा हे त्या कृतीसाठी तयार केलेल्या कागदाचे नाव आहे आणि दवंडी हे ती कृती पार पाडण्याच्या रीतीचे नाव आहे. आपल्या चावडीवर जे लागले तो जाहीरनामा. उद्घोषणा पूर्ण झाली की नाही, हे त्या कागदाकडे पाहून कळत नाही. ते त्या कागदाचे पुढे काय केले गेले यावरून ठरते. माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा एवढाच आहे.

नोटीस याहून वेगळी. नोटीस कोणा एका ठरावीक माणसाला उद्देशून असते आणि तिची बजावणी त्याच्यावर झाली की नाही हे पाहिले जाते. उद्घोषणा सर्वांना उद्देशून असते, तिथे अमुक एकाने ती ऐकली का, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, तर सर्वांना ऐकता यावी अशी व्यवस्था कायद्याने सांगितल्याप्रमाणे झाली का, हे विचारले जाते. अधिसूचना ही शासनाने राजपत्रात प्रसिद्ध केलेली असते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले, ते अशा शासकीय आदेशांनी, गावोगाव हलगी वाजवून नव्हे. अध्यादेश हा तर विधिमंडळ बसलेले नसताना राज्यपालांनी किंवा संसद बसलेली नसताना राष्ट्रपतींनी केलेला, काही काळापुरता प्रत्यक्ष कायदाच. निवडणुकीतल्या जाहीरनाम्याला मात्र या अर्थाने कायद्यात स्थान नाही, ते पक्षाचे आश्वासनपत्र आहे.

आपल्या भागात या शब्दांना मोठा इतिहास आहे, आणि तो कळला तर आजच्या तरतुदी अशा का आहेत हेही कळते. वसईजवळच्या सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या आज्ञालेखांचे तुकडे सापडलेले आहेत. दगडावर कोरले म्हणजे काम झाले असे त्या राजशासनाने मानले नव्हते. कलिंगातल्या स्वतंत्र लेखांमध्ये तिष्य नक्षत्राच्या दिवशी हा लेख वाचून ऐकवावा अशी स्पष्ट आज्ञा आहे. ज्या समाजात वाचणारे थोडे असतात तिथे लिहिणे हे सांगणे होत नाही, ही जाण इतकी जुनी आहे.

मराठी गावगाड्यात हे सांगण्याचे काम महार वतनदारांकडे होते. साऱ्याची हप्तेबंदी, जनावरांचा रोग, सरकारी माणसांचा मुक्काम, जे काही गावाला कळवायचे ते वेशीपासून चावडीपर्यंत ओरडून सांगायचे. ते सन्मानाचे पद नव्हते, वतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या लादलेली राबणूक होती. १८७४ च्या वतन कायद्यात सुधारणा व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. ती वतने प्रत्यक्षात रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. आज बेलिफाच्या, म्हणजे न्यायालयाचे आदेश बजावणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, अहवालात ‘दवंडी दिली’ हे दोन शब्द आपण सहज वाचून पुढे जातो, पण कायद्याचा शब्द लोकांच्या कानापर्यंत नेण्याचा सारा भार ज्यांनी उचलला त्यांना त्याच गावात चावडीच्या पायरीवर बसता येत नव्हते, हे विसरून या विषयावर लिहिणे मला योग्य वाटत नाही.

राजकीय जाहीरनाम्यांत आपल्या भागाशी सर्वांत जवळचा म्हणजे ११ फेब्रुवारी १८१८ चा साताऱ्याचा जाहीरनामा. आदल्या दिवशी अजिंक्यतारा इंग्रजांच्या हाती आला होता. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने लगोलग जाहीर केले की बाजीरावाची सत्ता संपली, साताऱ्याच्या छत्रपतींना मोकळे करून त्यांच्यासाठी राज्य राखून ठेवले जाईल आणि उरलेला मुलूख कंपनीकडे राहील. वतने, इनामे, वर्षासने, देवस्थाने पूर्ववत चालतील, मक्त्याने वसुली करण्याची पद्धत बंद होईल, असेही त्यात होते. बाजीरावाच्या चाकरीत असलेल्यांनी दोन महिन्यांत ती सोडून आपापल्या घरी परतावे, न परतल्यास त्यांची वतने जप्त होतील, असा इशारा होता. हे जाहीर झाले त्या दिवशी प्रतापसिंह महाराज अजून बाजीरावाच्याच ताब्यात होते. ते इंग्रजांना मिळाले २० फेब्रुवारीला, अष्टीच्या लढाईनंतर. म्हणजे ज्यांच्या नावाने राज्य जाहीर झाले, ते स्वतः नऊ दिवस कैदेतच होते, आणि बाजीराव शरण आला तो जूनमध्ये.

मी तरुण वकिलांना हा जाहीरनामा नेहमी वाचायला सांगतो, तो देशभक्तीच्या किंवा तिच्या अभावाच्या चर्चेसाठी नव्हे, तर त्याच्या रचनेसाठी. जाहीर करणारा कोण, तो काय सांगतो, किती मुदत देतो आणि मुदतीत न केल्यास काय होईल, हे चारही भाग त्यात स्पष्ट आहेत. आज एखाद्या फरारी आरोपीविरुद्ध फौजदारी न्यायालय जी उद्घोषणा काढते तिच्यात हेच चार भाग असतात. फक्त दोन महिन्यांच्या जागी किमान ३० दिवस आणि वतनाच्या जागी त्या माणसाची मालमत्ता येते. त्या जाहीरनाम्याने दिलेला शब्द कितपत टिकला हा वेगळा विषय आहे. इनामे चालतील असे १८१८ ला सांगितले गेले आणि १८५२ च्या कायद्याने इनामांच्या चौकशीचे अधिकार दिले गेले. प्रतापसिंहांना १८३९ मध्ये पदच्युत केले गेले आणि पुढच्या दहा वर्षांत सातारचे राज्य खालसाही झाले. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याचेही तेच. तो देशी भाषांत भाषांतर करून शहरोशहरी वाचला गेला, लोकांनी तो मनापासून ऐकला, परंतु तो धोरणाचे अभिवचन होता, कोर्टात दावा लावून वसूल करता येईल असा हक्क त्याने दिला नाही.

यातून एक प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे राजाने किंवा सरकारने नुसते जाहीर केले म्हणून तो कायदा होतो का. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात, १५३९ साली, राजाच्या उद्घोषणांना कायद्याचे बळ देणारा अधिनियम झाला आणि तो १५४७ मध्ये रद्द झाला. पुढे १६१० साली सर एडवर्ड कोक आणि त्यांच्या सहकारी न्यायाधीशांनी मत दिले की जे कृत्य आधी गुन्हा नव्हते ते राजाला केवळ उद्घोषणा काढून गुन्हा ठरवता येणार नाही. उद्घोषणेमागे कायद्याचा आधार लागतो, हे तत्त्व तिथून घट्ट झाले.

याची दुसरी बाजू आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली हरला विरुद्ध राजस्थान राज्य या निवाड्यात सांगितली, आणि माझ्या मते या विषयावर आपल्याकडे याहून मोलाचा निवाडा नाही. जयपूरचे महाराज १९२२ मध्ये वारले, वारस अल्पवयीन होते, म्हणून कारभार मंत्रिमंडळाकडे होता. त्या मंडळाने डिसेंबर १९२३ मध्ये एका ठरावाने अफूविषयीचा कायदा केला आणि तो कागद दप्तरात राहिला. राजपत्रात छापला नाही, कोठे वाचला नाही, लोकांना कळवला नाही. पुढे त्याच कायद्याखाली हरला याला ५० रुपये दंड झाला. रक्कम किरकोळ होती, प्रश्न तसा नव्हता. न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी लिहिलेल्या निकालात म्हटले गेले की ज्या कायद्याची लोकांना माहितीच नाही आणि योग्य ती काळजी घेऊनही जी मिळवता आली नसती, अशा कायद्याखाली कोणाला शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. कायदा अंमलात यायचा तर तो कोणत्यातरी ओळखता येईल अशा रीतीने लोकांपुढे आला पाहिजे. बंद दाराआड झालेला ठराव कितीही अधिकृत असला तरी तो जाहीर होईपर्यंत कायदा म्हणून जन्माला येत नाही. कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, असे आपण सगळेच म्हणतो. त्या म्हणण्याला नैतिक आधार मिळतो तो कायदा जाहीर करण्याच्या कर्तव्यातून, हे या निवाड्याने दाखवले.

संविधानात ‘उद्घोषणा’ हा शब्द येतो तो मुख्यतः अनुच्छेद ३५२ च्या आणीबाणीसाठी आणि अनुच्छेद ३५६ च्या राष्ट्रपती राजवटीसाठी. १९६२, १९७१ आणि १९७५ अशा तीन वेळा आणीबाणीची उद्घोषणा झाली. आपल्या पिढीला २६ जून १९७५ च्या सकाळचे आकाशवाणीवरचे भाषण आठवते, पण उद्घोषणा ती नव्हे, आदल्या रात्री राष्ट्रपतींनी सही केली ती. ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय मिळाल्याशिवाय राष्ट्रपतींना ती काढता येत नाही आणि एका महिन्यात संसदेची मान्यता लागते. अनुच्छेद ३५६ खालची उद्घोषणा न्यायालयात तपासता येते, हे १९९४ च्या बोम्मई निवाड्याने ठरले. आपल्या प्रश्नाशी याचा संबंध एवढाच की देशाच्या पातळीवर असो वा एका गट नंबराच्या, उद्घोषणा कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या रीतीने केली हे विचारण्याचा हक्क नागरिकाला आहे.

आता आपल्या जमिनीकडे येतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी स्थावर मिळकतीचा लिलाव व्हायचा असेल तर दोनदा जाहीर करावे लागते, हे बहुतेकांना माहीत नसते. पहिल्यांदा जप्तीच्या वेळी, आदेश २१ नियम ५४ प्रमाणे, आणि दुसऱ्यांदा विक्रीच्या वेळी, नियम ६६ आणि ६७ प्रमाणे. जप्तीचा आदेश त्या मिळकतीवर किंवा तिच्या लगतच्या जागी ढोल वाजवून किंवा अन्य रूढ पद्धतीने पुकारला पाहिजे, त्याची प्रत मिळकतीच्या दर्शनी भागी आणि न्यायालयाच्या इमारतीत लावली पाहिजे, जमीन सरकारला सारा भरणारी असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातही, आणि जमीन गावात असेल तर, १९७६ च्या दुरुस्तीनंतर, त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयातही. यातले ‘मिळकतीवर किंवा लगत’ हे शब्द नीट वाचावेत. चावडीसमोर हलगी वाजली आणि रानाकडे कोणी फिरकलेच नाही, तर नियमाचे पालन पूर्ण झाले असे म्हणता येत नाही. जप्तीचा आदेश निघाला म्हणजे जप्ती झाली असे नाही, आदेश निघणे आणि नियमात सांगितलेल्या इतर गोष्टी प्रत्यक्ष होणे, दोन्ही लागते, असे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९२८ साली मुथय्या चेट्टी यांच्या अपिलात सांगितले. कागद आणि कृती यांतला जो भेद मी वर सांगितला तो हाच. त्याचा व्यवहारातला परिणामही मोठा आहे, कारण जप्ती पुरी झाल्यावर त्या मिळकतीची परस्पर केलेली विक्री कलम ६४ प्रमाणे दरखास्तदाराच्या हक्कापुढे टिकत नाही.

विक्रीच्या जाहीरनाम्यात काय असावे तेही नियम ६६ मध्ये दिलेले आहे: कोणती मिळकत विकायची, तिच्यावरचा सरकारी आकार म्हणजे सारा किती, तिच्यावर कोणता बोजा आहे, वसूल करायची रक्कम किती, आणि घेणाऱ्याला मिळकतीचे स्वरूप व किंमत समजण्यासाठी आवश्यक वाटेल ते सर्व. किमतीचा स्वतःचा अंदाज न्यायालयाने लिहिलाच पाहिजे असे नाही, पण पक्षकारांनी दिलेले अंदाज मात्र त्यात यायला हवेत. येथे एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. हा जाहीरनामा पक्का करण्यापूर्वी ऋणकोला, म्हणजे आपल्या वडिलांना, नोटीस द्यावी लागते. सर्वांसाठीची उद्घोषणा आणि वडिलांसाठीची नोटीस या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि एक झाली म्हणून दुसरी माफ होत नाही. देशबंधू गुप्ता विरुद्ध एन. एल. आनंद या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने या नोटिशीला अनिवार्य मानले आहे. आपले चुलते दवंडीवर भर देत आहेत, मी असतो तर आधी या नोटिशीची बजावणी तपासली असती.

दवंडीतल्या दोषाचे वजन त्याहून हलके असते. उद्घोषणेत अनियमितता झाली एवढ्यावर झालेली विक्री रद्द होत नाही. नियम ९० प्रमाणे ती अनियमितता महत्त्वाची असावी लागते आणि तिच्यामुळे अर्जदाराचे भरीव नुकसान झाले हेही दाखवावे लागते. दवंडी झाली नाही, म्हणून बोली लावणारे आले नाहीत, म्हणून जमीन कवडीमोलाने गेली, अशी साखळी पुराव्याने जोडावी लागते. शिवाय जाहीरनामा तयार होण्यापूर्वी जी हरकत घेता आली असती ती मागाहून घेता येत नाही, असा त्याच नियमात स्पष्ट अडसर आहे. वडिलांना नोटीस मिळाली होती, ते तारखेला गेले नाहीत, आणि आता मूल्यांकन कमी धरले असे म्हणायचे आहे, तर तो मार्ग बहुधा बंद झालेला आहे.

ही साखळी कशी जोडतात याचे एक उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका दरखास्तीत दोन गावांतल्या जमिनी एकाच दिवशी जाहीर झाल्याचा अहवाल होता. दोन्ही ठिकाणी वेळ लिहिली होती सकाळी दहा. मधून येरळा वाहते आणि पुलावरून फिरून गेले तर एका रानातून दुसऱ्या रानात पोहोचायला पाऊण तास सहज जातो. अहवालावर ज्या दोन पंचांच्या सह्या होत्या तेही दोन्हीकडे तेच. दवंडी कोणी दिली त्याचे नाव नव्हते, त्याला दिलेल्या मजुरीची पावती नव्हती. मी अहवालाची मूळ प्रत मागवून पाहिली तेव्हा दोन्ही पानांवर एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे सलग अक्षर होते, आणि पहिल्या पंचाने दोन्हीकडे सही करताना ‘रा’चा काना एकाच तऱ्हेने खाली ओढलेला होता. उलटतपासणीत त्या पंचाने कबूल केले की आपण त्या दिवशी सह्या तालुक्याच्या गावीच केल्या. एवढ्यावर मात्र आम्ही थांबलो नाही. शेजारच्या गटाची त्याच वर्षीची नोंदलेली खरेदीखते हजर केली, त्यांतला दर लिलावातल्या बोलीच्या जवळजवळ अडीचपट होता, आणि ती शेजारची जमीन घेणाऱ्या शेतकऱ्यानेच साक्ष दिली की लिलाव कळला असता तर मी आलो असतो. विक्री रद्द झाली ती या शेवटच्या साक्षीमुळे, हे मी आजही मानतो. हलगी वाजली नाही हे सिद्ध करणे निम्मे काम असते. ती वाजली असती तर कोण आले असते हे दाखवणे उरलेले निम्मे.

‘अन्य रूढ पद्धत’ म्हणजे काय, हेही हल्ली वारंवार विचारले जाते. अनेक गावांत आता हलगी वाजत नाही, ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकावरून किंवा घंटागाडीवरून पुकारतात. ज्या गावात सर्व सूचना याच मार्गाने जातात तिथे ती रूढ पद्धत झाली आहे असे म्हणायला माझी हरकत नाही, मात्र पुकारा मिळकतीजवळ झाला पाहिजे ही अट त्याने संपत नाही. व्हॉट्सॲपच्या गटावर कागदाचे छायाचित्र टाकणे याला मी उद्घोषणा मानत नाही. तो गट खासगी असतो, त्यात कोण आहे कोण नाही हे गटचालक ठरवतो, आणि ‘सर्वांसाठी’ हा उद्घोषणेचा प्राणच त्यात नसतो.

आपला लिलाव न्यायालयाचा नसून महसुलाच्या थकबाकीचा असता तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ लागला असता. त्याच्या कलम १९२ मध्येही जाहीरनामा स्थानिक भाषेत असावा आणि तो तालुक्याच्या ठिकाणी व गावात दवंडीने प्रसिद्ध व्हावा असे आहे. भूसंपादनात गावात जाहीर सूचना देणे अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने खूबचंद यांच्या प्रकरणात, राजस्थानच्या १९५३ च्या भूसंपादन कायद्याखाली, ठरवले होते. २०१३ च्या कायद्याने राजपत्र, दोन दैनिके, ग्रामपंचायत, तहसील आणि संकेतस्थळ असे सगळे मार्ग एकत्र आणले आहेत. तलाठी फेरफार नोंदीची प्रत चावडीवर लावतो आणि नमुना ९ ची नोटीस देतो, तिलाही लोक जाहीरनामा म्हणतात, परंतु ती हरकती मागवण्याची पायरी आहे, तिच्याने कोणाचा मालकी हक्क जात नाही.

फौजदारी बाजूला अर्थ अधिक कडक आहे. वॉरंट निघूनही आरोपी फरारी असेल किंवा लपून बसला असेल तर न्यायालय उद्घोषणा काढते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ८२ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ८४ आहे. तो ज्या गावात किंवा शहरात राहतो तिथल्या ठळक ठिकाणी ती जाहीरपणे वाचली पाहिजे, त्याच्या घराच्या दर्शनी भागी लावली पाहिजे, न्यायालयातही लावली पाहिजे, आणि हजर होण्यास प्रसिद्धीपासून किमान ३० दिवस दिले पाहिजेत. यातली कोणतीही एक गोष्ट केली म्हणजे भागले असे नाही. मात्र ती रीतसर प्रसिद्ध झाली असे न्यायालयाने लेखी नमूद केले की ते निर्णायक पुरावा ठरते, म्हणून हरकत घ्यायची ती त्या नोंदीआधी किंवा ती नोंद कशावर आधारली आहे ते दाखवून. हजर न राहणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि मालमत्ताही जप्त होऊ शकते.

वर्तमानपत्रात वकिलांच्या नावाने येणारी ‘जाहीर नोटीस’ हाही गैरसमजाचा एक मोठा विषय आहे. अमुक जमीन आमचे अशील घेत आहेत, कोणाचा हक्क असल्यास १५ दिवसांत कळवावे, अन्यथा हक्क सोडून दिला असे समजले जाईल, अशा त्या असतात. मी स्वतः शेकडो दिल्या आहेत. त्यांचा उपयोग खरेदीदाराने सद्भावनेने चौकशी केली हे दाखवण्यापुरता आहे. त्यामागे कोणत्याही कायद्याने दिलेला जाहीर करण्याचा अधिकार नाही, म्हणून १५ दिवस उलटले तरी कोणाचा हक्क त्या कागदाने संपत नाही. मुंबईला असलेल्या बहिणीने ती वाचली नाही म्हणून तिचा वाटा बुडाला, असे सांगून कोणी आपल्याला घाबरवले तर विश्वास ठेवू नये.

आता आपण काय करावे ते सांगतो. चावडीवरच्या कागदावर दरखास्त क्रमांक, न्यायालयाचे नाव आणि लिलावाची तारीख असेल, त्याचे तारखेसह छायाचित्र आजच काढून ठेवावे. कागद खळीने लावलेला असतो आणि पहिल्या पावसात जातो. त्यानंतर न्यायालयात अर्ज करून जप्तीच्या अहवालाची, विक्रीच्या जाहीरनाम्याच्या अहवालाची आणि नियम ६६ च्या नोटिशीच्या बजावणीची, अशा तिन्हींच्या नकला घ्याव्यात. स्थावराचा लिलाव, ऋणकोची लेखी संमती नसेल तर, जाहीरनाम्याची प्रत विक्रीचा हुकूम देणाऱ्या न्यायालयाच्या इमारतीत लावल्यापासून किमान १५ दिवस संपल्याशिवाय होऊ शकत नाही. चावडीवर कागद कधी लागला यावरून हे १५ दिवस मोजायचे नाहीत, ही चूक वकीलसुद्धा करतात. लिलाव ३० दिवसांपेक्षा अधिक काळ पुढे ढकलला गेला असेल तर नव्याने जाहीरनामा लागतो, अर्थात वडिलांनी तो हक्क सोडला नसेल तर, तेव्हा त्यांनी एखाद्या पुरसिसवर, म्हणजे न्यायालयात दिलेल्या लेखी निवेदनावर, सही केली आहे का हे त्यांनाच शांतपणे विचारावे.

तारीख अजून पुढे असेल तर सर्व त्रुटींचा अर्ज लिलावापूर्वीच द्यावा, आणि वसुलीची रक्कम जमिनीच्या एका तुकड्यातून फिटणार असेल तर तेवढाच तुकडा विकावा अशी मागणी त्यात अवश्य करावी. नियम ६४ न्यायालयाला तेवढेच विकण्याचा अधिकार देतो आणि सर्वोच्च न्यायालयाने ते न्यायालयाचे कर्तव्य मानले आहे. लिलाव होऊन गेला असेल तर विक्रीच्या तारखेपासून ६० दिवस आपल्या हातात आहेत. त्या मुदतीत एकतर नियम ८९ प्रमाणे जाहीरनाम्यातली रक्कम आणि बोलीच्या पाच टक्के भरून जमीन सोडवता येते, किंवा नियम ९० प्रमाणे विक्री रद्द करून मागता येते. नियम ९० चा अर्ज चालू ठेवून नियम ८९ चा चालवता येत नाही, म्हणून पैसे उभे राहणार आहेत का हे चुलत्यांसह घरात बसून आधी ठरवावे आणि मगच वकिलांकडे जावे.